युद्धचित्रात कोण नाही?

म्हैसूरच्या सहलीला निघालेली मराठी मंडळी श्रीरंगपट्टणला थांबतातच. रंगनाथस्वामींचे दर्शन, किल्ला, कावेरीचा संगम असे करत ती दरिया दौलत बागेत पोचतात. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये बांधलेला हा लाकडी उन्हाळी महाल. त्याच्या भिंती वरपासून खालपर्यंत रंगवलेल्या आहेत आणि पश्चिमेकडची भिंत म्हणजे तर एक सलग लढाईच आहे. बहुतेक जण एक नजर टाकून पुढे सरकतात. पण भारतातल्या सर्वांत महत्त्वाच्या युद्धचित्रांपैकी एक आपल्यासमोर आहे, एवढे ठाऊक असले तर पाय तिथे रेंगाळतील.

लढाई पोल्लिलूरची. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ हैदरअली आणि टिपू यांनी कर्नल विल्यम बेलीच्या इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला. हा काळ मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. त्याच साली नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध जुळवलेल्या फळीत पुणे, हैदराबाद, नागपूर आणि हैदर असे चौघे होते. भिंतीवर लाल डगल्यांतल्या पायदळाने चौकोन बांधला आहे. चौकोनाच्या आत पालखीत जखमी बेली बसला आहे. त्याच्या डोक्यावरच्या बाजूला दारूगोळ्याच्या गाडीचा भडका उडाला आहे. लढाईचे पारडे फिरवणारा क्षण हाच, आणि चित्रकाराने तो बरोबर हेरला आहे. म्हैसूरचे घोडदळ दोन्ही अंगांनी तुटून पडते आहे. हैदरचा फ्रेंच साथीदार लाली डोळ्याला दुर्बीण लावून घोड्यावर बसलेला आहे. सैनिकांच्या रांगा एकावर एक रचलेल्या आहेत, त्यामुळे जवळचे आणि लांबचे असा भेदच उरत नाही. सगळी लढाई एकाच वेळी, एकाच भिंतीवर चालू आहे.

बेली या लढाईत कैद झाला आणि १७८२ मध्ये कैदेतच मेला. पुढे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि इंग्रजांचा कर्नल आर्थर वेलस्ली या महालात राहायला आला. इंग्रजांच्या पराभवाचे हे चित्र त्याने पुसून टाकले नाही, उलट दुरुस्त करून घेतले. चारच वर्षांनी असईच्या रणात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांना हरवणारा सेनापती तो हाच. नंतर १८५५ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या हुकमावरून ही भिंत पुन्हा रंगवली गेली. म्हणजे आज आपल्याला दिसते ते टिपूने काढवून घेतलेले, पण त्याच्या शत्रूंनी दोनदा जपलेले चित्र. जिंकून झाल्यावर हरलेल्या लढाईचीही आठवण परवडते!

या प्रकरणात आपण युद्धचित्रांकडे पाहायला शिकणार आहोत. भिंतीवरची, कॅनव्हासवरची, विमानांचीही. युद्धचित्र घडलेली घटना सांगते त्याहून अधिक ती घटना कोणाला कशी लक्षात ठेवायची होती ते सांगते. आणि ते ओळखण्याची सर्वांत खात्रीची वाट म्हणजे चित्रात कोण दिसत नाही, हा प्रश्न.

घरबसल्या काढलेली रणांगणे

पोल्लिलूरनंतर बारा वर्षांनी पारडे फिरले. तिसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूला तह करावा लागला. या वेळी मराठे इंग्रजांच्या बाजूला होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याला मिळाले होते. तहाच्या अटीप्रमाणे टिपूची दोन लहान मुले ओलीस म्हणून फेब्रुवारी १७९२ मध्ये इंग्रजांच्या छावणीत आली. कॉर्नवॉलिस त्यांचे स्वागत करतो आहे, हा प्रसंग इंग्रज चित्रकारांना विलक्षण आवडला. मुले ताब्यात घेण्याच्या कृत्याला त्यात वडिलकीचे रूप देता येत होते.

रॉबर्ट होम हा चित्रकार त्या मोहिमेत फौजेबरोबर हिंडला होता, त्यामुळे त्याच्या चित्राला निदान पाहिल्याचा आधार आहे. पण त्याच प्रसंगाचे मोठे चित्र काढणाऱ्या मॅथर ब्राउनने हिंदुस्थानात पाऊलही टाकले नव्हते. लंडनमधल्या आपल्या स्टुडिओत बसून त्याने हत्ती, तंबू आणि फेटे रंगवले. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर तर याचा कळस झाला. रॉबर्ट केर पोर्टर या विशीतल्या तरुणाने १८०० साली लंडनच्या लायसियममध्ये त्या हल्ल्याचे भव्य चित्र मांडले. लांबी सुमारे १२० फूट. प्रेक्षक मध्ये उभा आणि कॅनव्हास त्याच्याभोवती वळलेला, अशी मांडणी. एवढे अजस्र काम त्याने सुमारे सहा आठवड्यांत उरकले होते, आणि तो किल्ला त्यानेही कधी पाहिला नव्हता. लोक पैसे मोजून पाहायला आले. सिनेमा येण्यापूर्वीच्या काळात युद्ध पाहण्याची सोय ही अशी होती.

होम, ब्राउन आणि पोर्टर यांची चित्रे खोटी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. श्रीरंगपट्टणच्या तटाची उंची त्यांतून कळणार नाही. १८०० सालच्या लंडनला हिंदुस्थान कसा हवा होता, ते मात्र स्वच्छ कळते. कागदपत्रांतून इतके थेट ते क्वचितच कळते.

पानिपत, फैजाबादच्या बाजूने

आता घरचे उदाहरण घेऊ. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे एक प्रसिद्ध चित्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते फैजाबादच्या शैलीतले, सुमारे १७७० चे, म्हणजे लढाईनंतर दहाएक वर्षांतले. चित्रकाराने जणू उंच टेकडीवरून पाहिले आहे. तोफांच्या दोन रांगा कमानींसारख्या समोरासमोर वळल्या आहेत. मधल्या जागेत धूर आणि कत्तल. डावीकडे तपकिरी घोड्यावर अहमदशहा अब्दाली. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संक्रांतीने मराठी मुलखात घरटी कोणीतरी नेले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो दिवस इथे विलक्षण नेटका, जवळजवळ सुरेख दिसतो.

तो तसा का दिसतो, ते चित्राच्या जन्मस्थळावरून कळते. फैजाबाद म्हणजे अवधच्या नवाबाची राजधानी. नवाब शुजाउद्दौला त्या लढाईत अब्दालीच्या बाजूने उभा होता. पानिपतची बारकाईने हकिगत लिहून ठेवणारा काशीराज पंडितही शुजाच्याच नोकरीत होता. मोलाची लेखी साक्ष आणि मोलाचे चित्र, दोन्ही आपल्याला मिळाली ती पलीकडच्या गोटातून. त्यामुळे ती टाकाऊ होत नाहीत. उलट आपल्याला नसलेली उंची त्यांच्याकडे आहे. पण पाहताना डोळा कोणाचा आहे, हे विसरता कामा नये.

आणि या सुबक कमानींत कोण नाही? मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांहून मोठा जमाव बुणग्यांचा होता. व्यापारी, बाजारबुणगे, तीर्थयात्रेला म्हणून निघालेली माणसे, बायका, मुले. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या डावपेचांना या जमावाने जखडून ठेवले, आणि पराभवानंतर सर्वांत भयानक हाल त्यांचेच झाले. लढाईचा निकाल आणि शोकांतिका समजून घ्यायची तर त्यांच्याशिवाय चालत नाही. चित्रात त्यांना जागा नाही. रणांगण म्हणजे तोफा, घोडे आणि सरदार, हे एकदा ठरले की उरलेली माणसे आपोआप चौकटीबाहेर जातात.

हजेरी घेणारी चित्रकर्ती

युद्धचित्राचा रोख सरदारावरून शिपायाकडे वळवण्याचे मोठे श्रेय एका बाईकडे जाते. एलिझाबेथ थॉम्प्सन, लग्नानंतरच्या लेडी बटलर. १८७४ साली लंडनच्या रॉयल अकादमीत तिचे ‘द रोल कॉल’ हे चित्र लागले तेव्हा ती २७ वर्षांची होती. गर्दी आवरायला चित्रापाशी पोलीस उभा करावा लागला. चित्र मँचेस्टरच्या एका उद्योगपतीने आधीच ठरवून घेतले होते, पण राणी व्हिक्टोरियाने ते मागितले आणि त्याला ते सोडावे लागले. आजही ते राजघराण्याच्या संग्रहात आहे.

असे काय होते त्या चित्रात? क्रिमियाचे युद्ध. सकाळचा बर्फ. चकमक संपली आहे आणि ग्रेनेडियर गार्ड्सची एक तुकडी हजेरीसाठी रांगेत उभी आहे. अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, मळकट राखी डगले. एकाच्या डोक्याला पट्टी बांधलेली, एक बंदुकीवर रेलून कसाबसा तोल सांभाळतो आहे, एक रांगेतून पुढे बर्फात कोसळला आहे आणि शेजारचा वाकून तो जिवंत आहे का ते पाहतो आहे. घोड्यावरचा अधिकारी रांगेसमोरून हळूहळू जातो आहे. तलवार उगारलेली नाही, झेंडा फडकत नाही, शत्रू कुठेही दिसत नाही. नावे पुकारली जात आहेत आणि काही नावांना ‘हजर’ येणार नाही, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. विजयाचा हिशेब माणसांत मांडणारे चित्र लंडनच्या प्रेक्षकाने यापूर्वी क्वचितच पाहिले असेल.

तिने युद्ध प्रत्यक्ष पाहिले नव्हते. म्हणून तिने मेहनतीने उणीव भरून काढली. क्रिमियात लढलेले जुने सैनिक समोर उभे केले. पुढच्या वर्षीच्या ‘कात्र ब्रा’ या वॉटर्लूच्या आदल्या लढाईच्या चित्रासाठी चॅटमला सैन्याच्या इंजिनियरांची तुकडी तिच्यापुढे चौकोन बांधून बंदुका झाडत उभी राहिली, म्हणजे धुरात चेहरे कसे दिसतात ते तिला कळावे. लढाई राय नावाच्या धान्याच्या शेतात झाली होती; तिने उभ्या पिकाचा एक तुकडा विकत घेतला आणि पोरांकडून तो तुडवून घेतला. वाकलेली ताटे नेमकी कशी पडतात, हे तिला अंदाजाने रंगवायचे नव्हते.

तरीही १८७९ मध्ये रॉयल अकादमीच्या सभासदत्वासाठी तिचे नाव आले तेव्हा ती अवघ्या दोन मतांनी हरली. अकादमीने बाईला पूर्ण सभासद म्हणून निवडून घेतले ते थेट १९३६ साली, लॉरा नाइटच्या रूपाने. ही लॉरा नाइटही दुसऱ्या महायुद्धात युद्धचित्रकार होती. बॉम्बफेकी विमानाच्या पोटात उड्डाणाच्या तयारीत बसलेल्या चमूचे तिचे चित्र लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

लेडी बटलरचे १८७९ चेच आणखी एक चित्र आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ‘सैन्याचे अवशेष’. ओसाड अफगाण माळावरून जलालाबादच्या किल्ल्याकडे एक गोरा माणूस मरणपंथाला लागलेल्या घोड्यावरून येतो आहे. हा डॉक्टर विल्यम ब्रायडन. १३ जानेवारी १८४२ रोजी तो जलालाबादला पोचला. आठवड्याभरापूर्वी काबूलहून निघालेला जमाव सुमारे सोळा हजारांचा होता. त्यांत सैनिक साडेचार हजार आणि उरलेले छावणीचे लोक. लेडी बटलरने ब्रायडनला एकटे दाखवले आणि ‘सोळा हजारांतला एकमेव’ ही आख्यायिका पक्की झाली.

ती आख्यायिका खरी नाही. काही इंग्रज ओलीस म्हणून जिवंत राहिले. काही हिंदी शिपाई आणि नोकर नंतर रखडत पोचले, काही पकडले जाऊन विकले गेले. त्याहून मोठी गोष्ट ही की त्या साडेचार हजारांतले बहुसंख्य सैनिक हिंदी होते आणि छावणीचे बारा हजारही बहुतांशी हिंदीच. खिंडीतल्या बर्फात गोठून मेलेले बंगाल पायदळाचे शिपाई, भिस्ती, सईस, स्वयंपाकी, त्यांची बायकामुले. शिपायाचे दुःख इंग्लंडला दाखवणाऱ्या याच चित्रकर्तीच्या कॅनव्हासवर त्यांच्यापैकी एकही नाही. तिला निर्दय म्हणण्याचे कारण नाही. मोठ्या मनाच्या कलावंताच्या डोळ्यालाही आपल्या काळाची झापडे असतात, आणि त्या झापडांची रुंदी ‘कोण नाही’ या प्रश्नाने मोजता येते.

माणूस मुद्दाम वगळला तेव्हा

प्रत्येक गैरहजेरी विसरण्यातून येत नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने अधिकृत युद्धचित्रकार नेमले. त्यांतला सी. आर. डब्ल्यू. नेव्हिन्सन याने १९१७ मध्ये काटेरी तारांजवळ चिखलात पालथे पडलेले दोन मृत इंग्रज सैनिक रंगवले. युद्धखात्याने परवानगी नाकारली. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात त्याने चित्र लावलेच, वर तपकिरी कागदाची पट्टी चिकटवून आणि पट्टीवर ‘सेन्सॉर केले’ असे लिहून. त्याबद्दलही त्याने बोलणी खाल्ली. आपल्या बाजूचा मृत सैनिक हाच युद्धचित्रातला सर्वांत अडचणीचा माणूस, हे त्या पट्टीने सगळ्यांना दाखवून दिले.

त्याचा सहकारी पॉल नॅश वेगळ्या वाटेने गेला. १९१७ च्या मे महिन्यात ईप्रच्या आघाडीवर तो अंधारात खंदकात पडला, बरगडी मोडली आणि त्याला मायदेशी पाठवले. काही दिवसांतच त्याच्या तुकडीतले अनेक जण एका हल्ल्यात मारले गेले. नॅश चित्रकार म्हणून आघाडीवर परतला आणि त्याने झाडे रंगवली. जळक्या खुंटांची, पानेच नसलेली झाडे, खड्ड्यांनी भरलेली माती आणि वर उगवणारा फिकट सूर्य. ‘आम्ही नवे जग घडवतो आहोत’ असे नाव दिलेल्या १९१८ च्या त्या चित्रात एकही माणूस नाही, आणि माणसाने काय केले ते सगळे आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर नॅशपुढे नवा विषय आला, विमान. १९३९ च्या अखेरीस नॅशनल गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली युद्धचित्रकारांची सल्लागार समिती नेमली गेली. बॉम्बच्या भीतीने गॅलरीतली जुनी चित्रे वेल्समध्ये हलवली होती. त्या रिकाम्या भिंतींवर आता युद्धचित्रे लागू लागली. समितीने नॅशला हवाई दलाकडे दिले. त्याला जबर दमा होता, त्यामुळे आकाशात जाण्याची सोय नव्हती. जे जमिनीवर पडले ते मात्र तो पाहू शकत होता.

ऑक्सफर्डजवळ काउली इथे पाडलेल्या आणि मोडलेल्या विमानांच्या सांगाड्यांचे गोदाम होते. नॅशने तिथे स्केचेस केली, फोटो काढले. त्यातून १९४०-४१ मध्ये ‘टोटेस मेअर’, म्हणजे मृत समुद्र, हे चित्र तयार झाले. चांदण्या रात्री मोडक्या पंखांचे आणि शेपट्यांचे ढीग लाटांसारखे किनाऱ्यावर येऊन थडकले आहेत. लाटा हलत नाहीत. काही पत्र्यांवर जर्मन खुणा दिसतात, आणि दूरवर एक घुबड तेवढे उडते आहे. गोदामात इंग्रज विमानेही होती. नॅशने ती चित्रात घेतली नाहीत. नाव जर्मन भाषेत ठेवले, कारण या चित्राचे पोस्टकार्ड जर्मनीवर टाकावे अशी त्याची इच्छा होती. म्हणजे इतके काव्यमय चित्रही प्रचाराच्या हेतूने काढले होते. हेतू प्रचाराचा असला म्हणून कला खालच्या दर्जाची होत नाही, याला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना मात्र नॅश पटला नाही. त्यांना वैमानिकांचे चेहरे हवे होते, विमाने ओळखू येतील अशी हवी होती. १९४० च्या अखेरीस त्याची नेमणूक संपली. क्लार्क यांनी समितीच्या पैशातून त्याला काम चालू ठेवायला लावले आणि १९४१ मध्ये ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ हे मोठे चित्र तयार झाले. खाली वळत जाणारी नदी आणि खाडी, पलीकडे फ्रान्सचा किनारा. तिकडून जर्मन विमानांच्या काळ्या, शिस्तबद्ध रांगा येत आहेत. अलीकडच्या आकाशात इंग्रज विमानांच्या पांढऱ्या रेघा फुलांसारख्या उमलून त्या रांगा मोडत आहेत. असा देखावा कोणत्याही एका दिवशी, कोणत्याही एका जागेवरून दिसला नसता. महिनोन्महिन्यांची लढाई एका कॅनव्हासवर आणायची म्हणून नॅशने आकाशाचा नकाशाच काढला.

आकाशात जाऊ शकणाऱ्या चित्रकारांनी वेगळी किंमत मोजली. एरिक रॅव्हिलियस हा जलरंगांचा असाधारण कलावंत १९४२ च्या सप्टेंबरमध्ये आइसलंडहून एका बेपत्ता विमानाच्या शोधाला निघालेल्या विमानात बसला. ते विमानही परतले नाही. तो ३९ वर्षांचा होता.

खिळ्यापर्यंत अचूक

युद्धानंतर विमानचित्रांची एक वेगळी, लोकप्रिय परंपरा उभी राहिली आणि ती आजही जोरात आहे. ब्रिटनमध्ये १९७१ साली विमानचित्रकारांचा गिल्ड स्थापन झाला. फ्रँक वुटन हे त्यांतले अग्रणी नाव. रॉय क्रॉस यांनी एअरफिक्सच्या प्लास्टिक मॉडेलच्या खोक्यांवर काढलेली विमाने जगभरच्या मुलांनी पाहिली. या चित्रांच्या मर्यादित संख्येच्या छापील प्रती निघतात. प्रत्येक प्रतीवर क्रमांक असतो, चित्रकाराची पेन्सिलीने सही असते आणि पुष्कळदा त्या लढाईतल्या निवृत्त वैमानिकांच्याही सह्या असतात. घेणाऱ्याला त्या सहीत इतिहासाला हात लावल्याचे समाधान मिळते.

या परंपरेचा कणा म्हणजे अचूकपणा. त्या दिवशी त्या स्क्वाड्रनच्या विमानांवर कोणती अक्षरे होती, पोटाचा रंग कोणता होता, धुराड्याजवळ काजळी किती साठत असे, त्या वेळी सूर्य कुठे होता, हे सगळे तपासूनच ब्रश उचलला जातो. पण नुसत्या अचूकपणाने विमान उडत नाही. जलद शटरचा फोटो समोर ठेवून पंख्याची पाती जशीच्या तशी काढली तर विमान आकाशात टांगल्यासारखे दिसते. म्हणून पंख्याची जागा चकाकत्या, अर्धपारदर्शक चकतीने दाखवतात. क्षितिज तिरके केले की पाहणारा स्वतः वळणे घेणाऱ्या विमानात बसतो. ढगांची उंची, खालची शेते आणि पंखांवर पडलेली सावली यांचा मेळ बसला तरच पाच मैलांची उंची जाणवते. हे कसब मोठे आहे आणि त्याला हलके लेखणाऱ्यांनी एकदा स्वतः वळणारा पंख काढून पाहावा.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयात कीथ फेरिस यांचे १९७६ चे भित्तिचित्र या कसबाचे शिखर मानले जाते. २५ फूट उंच आणि ७५ फूट रुंद. १५ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मनीतल्या वीसबाडेनवर गेलेल्या मोहिमेतले ‘थंडरबर्ड’ नावाचे बी-१७ विमान अंगावर येते. भोवती तोफगोळ्यांच्या स्फोटांचे काळे ढग, मागे पांढऱ्या वाफेच्या रेघा. आतल्या चमूच्या धैर्याविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही. तरी आपला प्रश्न इथेही विचारायला हवा. बॉम्ब ज्यांच्यावर पडणार ती माणसे या ७५ फुटांत नाहीत. विमानचित्राची ही जन्मजात मर्यादा आहे. वीस हजार फुटांवरून सगळे युद्ध स्वच्छ, निळे आणि देखणे दिसते. वैमानिकाला खालचा माणूस दिसत नव्हता हे खरे आहे, म्हणून चित्रही एका अर्थी खरेच आहे. पण ते अर्धे खरे आहे, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आजची भिंत

युद्धचित्रांचे राजकारण इतिहासजमा झाले आहे असे कोणी समजू नये. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात जनरल नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करताहेत आणि शेजारी जनरल अरोरा बसले आहेत, हे दृश्य आपल्या पिढ्यांच्या डोळ्यांत कोरले गेले आहे. त्याचे चित्र दिल्लीत लष्करप्रमुखांच्या दालनात होते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते माणेकशॉ सेंटरमध्ये हलवले गेले आणि दालनात ‘कर्मक्षेत्र’ हे नवे चित्र आले. लष्करातल्याच एका अधिकाऱ्याने काढलेल्या त्या चित्रात पँगाँग सरोवर आहे, रणगाडे आणि हेलिकॉप्टर आहेत, श्रीकृष्णाचा रथ आहे, चाणक्य आहे, गरुड आहे. या बदलावर माजी अधिकारी हिरिरीने बोलले. काहींना विजयाची स्मृती हलल्याचे दुःख झाले, तर बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांना पुढच्या आव्हानांकडे पाहणारे चित्र योग्य वाटले. कोणी कोणत्याही बाजूचा असो, एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली होती: सैन्य आपल्या भिंतीवर काय लावते त्यावरून ते स्वतःला कसे पाहते हे कळते. टिपूलाही तेच ठाऊक होते.

पाहणाऱ्यासाठी

तेव्हा यापुढे कोणतेही युद्धचित्र समोर आले की चार गोष्टी विचारा. चित्रकार कुठे उभा होता, रणात, जवळच्या छावणीत की हजारो मैलांवर? पैसे कोणी दिले? घटना आणि चित्र यांत किती वर्षे गेली? आणि सर्वांत शेवटी, त्या दिवशी तिथे असूनही चित्रात कोण नाही? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा संग्रहालयाच्या पाटीवर मिळतात. चौथ्याचे उत्तर इतिहासाची पुस्तके उघडून आपल्यालाच शोधावे लागते, आणि चित्र पाहण्याचा खरा आनंद तिथे सुरू होतो.

मराठी घरांत युद्धचित्रे उदंड आहेत. कॅलेंडरांवर, शाळेच्या भिंतींवर, गडांच्या पायथ्याशी विकल्या जाणाऱ्या फ्रेमांत घोड्यावरचे महाराज आणि तलवार परजणारे सरदार आपण रोज पाहतो. ती श्रद्धेची चित्रे आहेत आणि त्यांचे स्थान त्यांना मिळालेच पाहिजे. पण आपल्या तरुण चित्रकारांना एक आग्रहाची विनंती आहे. पुढचे पानिपत कोणी रंगवायला घेईल तेव्हा अब्दालीचा घोडा आणि भाऊसाहेबांचा हत्ती जरूर काढावा, पण छावणीत अडकलेल्या बुणग्यांना, उपाशी बैलांना आणि मुलाला कडेवर घेतलेल्या बाईलाही कॅनव्हासवर जागा द्यावी. लढाईचा निकाल सरदारांनी ठरवला असेल. तिची किंमत मोजली ती या लोकांनी.